रांगेत आपण कितवे?

माझे डोके हिशेबी आहे, असा माझा फार दिवसांचा समज होता. सदतीस वर्षे सरकारी कचेरीत कागद आणि आकडे यांच्या सहवासात काढली. वाण्याचा आणि दूधवाल्याचा हिशेब मी अजून तोंडी करतो. मंडईतून आणलेल्या पिशवीत किती रुपयांची भाजी आहे हे पिशवी न उघडता सांगतो. (ते बहुधा चुकते, पण सांगतो.) अशा माणसाचा गर्व उतरवणारे पुण्यात कुणी भेटले नाही. त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्याला जावे लागले; आणि तो उतरवला माझ्या चुलतभावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने, मूठभर सरकीच्या साहाय्याने.

सोनाळा हे बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातले गाव. शेगावला आगगाडीतून उतरायचे, एस.टी. धरायची, पूर्णा ओलांडायची, वरवट बकाल मागे टाकायचे. आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर भिंत दिसू लागली, की आपले गाव जवळ आले असे समजावे. पंचक्रोशीत गावाचे नाव आहे ते संत सोनाजी महाराजांमुळे. डोंगराच्या अंगाला अंबाबरव्याचे अभयारण्य आहे. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाचाच तो भाग. घराण्यातली आमची पाती नोकरीपायी पुण्याला गेली, चुलतभाऊ मात्र काळ्या जमिनीला धरून राहिला. गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आम्ही उभयता त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. वेचणी चालू होती. पुढची खोली कापसाने अर्धी भरली होती, आणि त्या ढिगाला पाठ टेकून पुतणी अभ्यास करीत बसे.

ती पोलीस भरतीची तयारी करीत होती. पहाटे अंधारात उठून रस्त्यावर धावायची, दिवसा आईबरोबर वेचणीला जायची, आणि रात्री पुस्तक उघडायची. मैदानी परीक्षा ५० गुणांची. त्यात मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. लेखी परीक्षा १०० गुणांची आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद! अंकगणित, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण आणि चौथा विषय बुद्धिमत्ता चाचणी. या चौथ्या विषयाने तिचा पिच्छा पुरवला होता, आणि त्यातही ‘रांगेतील क्रम’ या प्रकरणाने.

“इकडे आण ते पुस्तक,” मी म्हणालो. “आमच्या वेळी असली कोडी आम्ही जेवता जेवता सोडवीत असू.”

तिने वाचले, “एका रांगेत सुमन डावीकडून सतरावी आणि उजवीकडून बारावी आहे. तर रांगेत एकूण मुली किती?”

“एकोणतीस,” मी पापणी लवायच्या आत सांगितले.

“मोठे बाबा, चुकलं. अठ्ठावीस.”

“काऊन?” मी विचारले. सोनाळ्याला पाय लागला, की माझी पुणेरी आपोआप गळून पडते.

“सतरा न् बारा एकोणतीस होतात हे खरं. पण तुमी सुमनले दोनदा मोजलं.”

सरकीची रांग

तिने ढिगातून कापसाची दोन-चार बोंडे ओढली, नखाने सरकी सोलून काढली आणि जमिनीवर सहा दाणे ओळीने मांडले. डावीकडून तिसऱ्या दाण्याला हळदीचे बोट लावले. “हे सुमन. डावीकडून मोजा.” एक, दोन, तीन. “आता उजवीकडून.” एक, दोन, तीन, चार. “तीन न् चार सात. दाणे किती हायेत?”

दाणे सहाच होते. डावीकडून येताना सुमनला मोजले, उजवीकडून येताना पुन्हा तिलाच मोजले. म्हणून दोन्ही बाजूंच्या क्रमांकांची बेरीज करावी आणि त्यातून एक वजा करावा. उलट, एकूण संख्या आणि एका बाजूचा क्रमांक माहीत असेल, तर संख्येतून क्रमांक वजा करून एक मिळवावा, की दुसऱ्या बाजूचा क्रमांक येतो. चाळीस जणांच्या रांगेत उजवीकडून अठरावा असलेला माणूस डावीकडून तेविसावा. सगळ्या प्रकरणाचा पाया एवढाच.

वाचकहो, हा नियम पाठ करणे सोपे आहे. तो का खरा आहे हे समजणे त्याहून सोपे आहे, पण सरकी मांडल्याशिवाय ते समजत नाही, ही त्यातली गोम. आपण कितवे हे मोजताना माणूस स्वतःला दोनदा मोजून बसतो, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

पुढचे कोडे दोघांचे होते. चाळीस जणांच्या रांगेत गोविंदा डावीकडून पंधरावा, माधव उजवीकडून अठरावा. तर दोघांच्या मध्ये किती जण? पंधरा आणि अठरा तेहेतीस. चाळिसातून तेहेतीस गेले, सात उरले. हे मी बरोबर सांगितले आणि मिशीवरून हात फिरवला. लगेच तिने चाळिसाच्या जागी पंचवीस केले. आता पंचविसातून तेहेतीस कसे जाणार? मी गप्प. तिने पुन्हा दाणे मांडले. पंचवीस जणांच्या रांगेत उजवीकडचा अठरावा हा डावीकडून आठवा येतो. म्हणजे माधव गोविंदाला ओलांडून त्याच्या डावीकडे जाऊन बसला आहे! आठवा आणि पंधरावा यांच्या मध्ये सहा जण. बेरीज एकूण संख्येहून मोठी झाली, की दोघांनी एकमेकांना ओलांडले आहे, असे समजावे.

यातून आणखी एक तिढा निघतो. गोविंदा डावीकडून पंधरावा, माधव उजवीकडून अठरावा, मध्ये सात जण; तर रांगेत एकूण किती? घाईत माणूस चाळीस म्हणतो. पण ओलांडून बसले असतील तर चोवीसही होतात. कोड्यात ‘कमीत कमी किती’ असे विचारले असेल तर चोवीस म्हणावे; नुसतेच ‘किती’ विचारले असेल तर उत्तर एक नाही.

माणूस हलतो, खुर्ची हलत नाही

तिसऱ्या प्रकारात माणसे जागा बदलतात. गोविंदा डावीकडून नववा, माधव उजवीकडून दहावा. दोघांनी जागांची अदलाबदल केली आणि गोविंदा डावीकडून पंधरावा झाला. एकूण किती? मी कागदावर बाण काढू लागलो आणि बाणांचे जाळे झाले.

“मोठे बाबा, माणसं पाहू नका, खुर्च्या पाहा,” ती म्हणाली.

केवढी शहाणपणाची गोष्ट! गोविंदा आता माधवच्या खुर्चीवर बसला आहे. ती खुर्ची उजवीकडून दहावी होती, ती अजून दहावीच आहे. आणि आता आपल्याला कळले आहे, की ती डावीकडून पंधरावी आहे. पंधरा आणि दहा पंचवीस, वजा एक, चोवीस. माधव कुठे गेला? गोविंदाच्या जुन्या खुर्चीवर. ती डावीकडून नववी, म्हणून चोवीस जणांत उजवीकडून सोळावी. ज्याने कचेरीत खुर्च्यांची अदलाबदल पाहिली आहे, त्याला तरी हे सुचायला हवे होते!

बसण्याच्या कोड्यांत दिशेचाही एक सापळा असतो. मला तो पटला तो पंगतीमुळे. समोरासमोर दोन पंगती बसल्या, की माझा डावा हात तो समोरच्याचा उजवा. उत्तरेकडे तोंड करून बसलेल्याच्या डावीकडे पश्चिम. दक्षिणेकडे तोंड असेल तर पूर्व. गोलाकार बसून सगळ्यांची तोंडे मध्याकडे असतील, तर प्रत्येकाच्या डावीकडची जागा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढची. तोंड कुठे आहे हे आधी ठरवावे, मगच पाटावर माणूस बसवावा. वाढप्याला हे कुणी शिकवत नाही, पण त्याचे कधी चुकत नाही.

हे सारे डोक्यात का करू नये आणि मांडून का करावे, याला चांगला आधार आहे. इंग्लंडमधल्या सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९१९ साली मुलांच्या चाचण्यांत तीन मुलींच्या रंगाचे एक कोडे घातले होते: पहिली दुसरीहून उजळ, पण तिसरीहून सावळी, तर सर्वांत सावळी कोण? स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजे यांनी त्याच धर्तीचे प्रश्न पुढे मुलांना विचारून पाहिले. त्यांना असे दिसले, की सात-आठ वर्षांचे मूल हातात काठ्या दिल्या तर त्या लहानमोठ्या क्रमाने नीट लावते. पण तोच क्रम नुसत्या शब्दांत सांगितला, तर आणखी काही वर्षे गोंधळते. शब्दांच्या काठ्या करणे, हीच या कोड्यांची खरी युक्ती. कागदावर एक उभी रेघ ओढावी. उंच तो वर, ठेंगणा तो खाली. प्रत्येक वाक्य वाचून जेवढे सांगितले तेवढेच मांडावे.

जेवढे सांगितले तेवढेच! या तीन शब्दांपाशी सगळ्या गोष्टीची मेख आहे.

चोवीस नावांचा हिशेब

दुसऱ्या रात्री मी तयारीनिशी बसलो. तिने चार मुलांचे कोडे वाचले. दत्तू रामूपेक्षा उंच आहे. रामू शंकरपेक्षा उंच आहे. विठू शंकरपेक्षा उंच आहे. विठू दत्तूपेक्षा ठेंगणा आहे. तर उंचीत दुसरा कोण?

मी म्हणालो, “रामू.” ती काहीच बोलली नाही. नुसती हसली, आणि ते हसणे मला नीटसे आवडले नाही.

तेव्हा मला लहानपणची एक गोष्ट आठवली. मुंजीनंतर आजोबांनी संध्येतली चोवीस नावे पाठ करून घेतली होती: केशव, नारायण, माधव, गोविंद, असे करीत थेट श्रीकृष्णापर्यंत. चोवीसच का, असे मी विचारले होते आणि उत्तराऐवजी डोळे वटारलेले पाहिले होते. उत्तर पुढे मिळाले ते भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त. ११५० सालच्या या ग्रंथात ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. तिथे प्रश्न असा, की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि कमळ ही आलटून पालटून दिली तर मूर्तीचे किती प्रकार होतील? पहिल्या हातासाठी चार शक्यता, दुसऱ्यासाठी तीन, मग दोन, मग एक. चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे चोवीस. मूर्तिशास्त्रात या चोवीस मांडण्यांना चोवीस नावे आहेत, आणि तीच संध्येत येतात. त्याच जागी भास्कराचार्य शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचाही प्रश्न घालतात. त्याचे उत्तर ३६,२८,८००! आमच्याच जिल्ह्यात मेहकरला शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती आहे; १८८८ साली ती सापडली. आता पुढच्या खेपेस तिच्यापुढे हात जोडताना कोणत्या हातात काय आहे हेही मी पाहणार आहे. आणि हे पांडित्य काही दूरदेशीचे नव्हे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे.

मी हे पुतणीला सांगितले. तिचे डोळे चमकले. तिने लगेच पाटीसारखा कागद पुढे ओढला आणि म्हणाली, “म्हणजे ह्या चार पोरांच्याबी रांगा चोवीसच!”

मग आम्ही दोघांनी मिळून एकेका वाक्याची किंमत काढली. दत्तू रामूहून उंच, एवढे कळताच चोवीसपैकी निम्म्या रांगा बाद झाल्या, बारा उरल्या. रामू शंकरहून उंच, म्हटल्यावर दत्तू, रामू, शंकर हा क्रम पक्का झाला. विठूला वर, खाली किंवा मधल्या दोन फटींत अशा चार जागा राहिल्या. विठू शंकरहून उंच, म्हणून तळची जागा गेली, तीन उरल्या. विठू दत्तूहून ठेंगणा, म्हणून वरची गेली, उरल्या दोन. दत्तू, रामू, विठू, शंकर ही एक. दत्तू, विठू, रामू, शंकर ही दुसरी. वाक्ये संपली, आणि रांगा दोन उरल्या!

सर्वांत उंच कोण, असे विचारले असते तर ‘दत्तू’ हे ठाम उत्तर होते. सर्वांत ठेंगणा ‘शंकर’, हेही ठाम. पण दुसरा कोण? रामू आणि विठू यांची एकमेकांशी तुलना कुणी केलेलीच नाही. रामूचे नाव कोड्यात आधी आले म्हणून मी त्याला वर बसवला, एवढेच. बरोबर उत्तर ‘निश्चित सांगता येत नाही’ हे आहे.

कोडे सोडवणे म्हणजे शक्यतांना एकेक करून निरोप देणे. शेवटी एक उरली तर तिचे नाव सांगावे. दोन उरल्या तर दोन उरल्या असे सांगावे.

अशी गफलत मोठमोठ्यांच्या देखत घडते. ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारे लुई कॅरोल ऑक्सफर्डला गणित शिकवीत. १८८३ साली त्यांनी टेनिसच्या सामन्यांतल्या बक्षिसांवर एक पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे आपल्या कबड्डीला लावून पाहा. आठ संघ, हरेल तो बाद. सात सामन्यांत अजिंक्य संघ ठरतो. अंतिम सामन्यात हरलेल्याला आपण दुसरे बक्षीस देतो. पण अजिंक्य संघाने एकूण तीन संघांना हरवलेले असते: पहिल्या फेरीत एकाला, उपान्त्य फेरीत एकाला, अंतिम सामन्यात एकाला. खरा दुसरा या तिघांपैकी कुणीही असू शकतो. बलवान संघच नेहमी जिंकतो असे धरले, आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, तर खऱ्या दुसऱ्या संघाला दुसरे बक्षीस मिळण्याचा संभव सातांत चार एवढाच. पहिल्या फेरीत अजिंक्य संघाशी गाठ पडलेला बिचारा दुसरा संघ तेव्हाच सतरंजी गुंडाळून घरी गेलेला असतो!

एका गुणाची गोष्ट

तिसऱ्या रात्री मी सहज विचारले, “मागच्या खेपेला काय झालं होतं?”

ती थोडा वेळ दाणे मांडत राहिली. मग म्हणाली, “एका गुणानं राहिली, मोठे बाबा.”

तिच्या बोलण्यातून कळले ते असे. त्या परीक्षेत अगदी याच प्रकारचा प्रश्न होता. तिने रेघ ओढली होती. दोन नावांत फैसला होत नाही हेही तिला दिसले होते. चौथा पर्याय ‘निश्चित सांगता येत नाही’ असाच होता. पण तिला वाटले, की परीक्षेत इतका साधा पर्याय बरोबर कसा असेल? आपल्यालाच काही दिसत नसेल. लोक काय म्हणतील, एवढा अभ्यास करून हिला सांगता येत नाही! म्हणून तिने एक नाव निवडले.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “माहीत नाई हे माहीत होतं. लिहायची हिंमत नाई झाली.”

तिच्या आईने आतून हाक मारली आणि ती उठून गेली. मी मात्र त्या सरकीच्या रांगेकडे पाहत बसलो. कारण मला तिच्याहून मोठी आणि जुनी चूक आठवली होती. ती मी आजवर घरातही कुणाला सांगितली नव्हती.

कचेरीत असताना सेवाज्येष्ठता याद्या तयार करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. कोण आधी लागला, कोण कायम कधी झाला, विभागीय परीक्षा कुणी कधी दिली, यावरून कारकुनांची रांग लावायची. बढती त्या रांगेने मिळते. एका वर्षी चार जणांचा प्रश्न आला. पहिला दोघांहून ज्येष्ठ, हे कागदावर होते. शेवटचा त्या दोघांहून कनिष्ठ, हेही होते. मधल्या दोघांत आधी कोण, हे ठरवणारे एकाच्या सेवापुस्तकातले पान सापडत नव्हते. यादी शनिवारपर्यंत द्यायची होती. मी ज्याचे नाव जुन्या नोंदवहीत आधी होते त्याला वर घातले. दत्तू, रामू, विठू, शंकर!

हरकती घेण्याची मुदत असते. पण मधला दुसरा गृहस्थ त्या दिवसांत आजारी पडून रजेवर होता. पहिल्याची बढती आधीच झाली होती. पुढची जागा रिकामी झाली ती माझ्या यादीतल्या दुसऱ्याला मिळाली. आठ महिन्यांनी ते हरवलेले पान दुसऱ्याच एका फायलीत सापडले. रजेवर असलेला गृहस्थ तीन महिन्यांनी ज्येष्ठ होता. मी ते पान योग्य त्या सेवापुस्तकात लावले, पुस्तक मिटले आणि कपाटात ठेवले. वरिष्ठांपाशी बोललो नाही. त्याला पुढची संधी यायला अकरा वर्षे लागली, आणि दोन वर्षांत तो सेवानिवृत्त झाला. त्याच्या निरोपसमारंभात भाषण मीच केले होते.

त्या शनिवारी यादीत त्या दोन नावांपुढे ‘कागदपत्रांअभावी क्रम निश्चित करता येत नाही’ एवढे एक वाक्य मी लिहिले असते, तर फार तर वरिष्ठ रागावले असते. पण ज्याचे डोके हिशेबी आहे त्याने ‘सांगता येत नाही’ कसे म्हणायचे?

रांगेबाहेरचे

निघायच्या आदल्या रात्री मी पुतणीला ही गोष्ट सांगितली. का सांगितली, कोण जाणे. तिने ऐकून घेतले आणि मला उपदेश केला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तिने फक्त पुस्तकातले एक कोडे काढून पुढे ठेवले.

“परीक्षेत पास झालेल्यांत शांता वरून नववी आणि खालून तेविसावी आहे. सात जण नापास झाले, तीन जण परीक्षेला बसलेच नाहीत. वर्गात एकूण किती?”

मी आता शहाणा झालो होतो. नऊ आणि तेवीस बत्तीस, शांता दोनदा मोजली गेली म्हणून वजा एक, एकतीस. “एकतीस,” म्हणता म्हणता थांबलो. नापास झालेले सात. न बसलेले तीन. “एक्केचाळीस.”

“बरोबर,” ती म्हणाली. “सगळे एकतीसावरच थांबतात. रांगेत नाई त्यायले कोणी मोजतच नाई.” मग जरा थांबून म्हणाली, “आमच्या वर्गातल्या तिघी माह्यापेक्षा हुशार होत्या. त्यायनं फारमच नाई भरला. दोघींचे लग्न झाले, एकीच्या घरी कोणी पाहाले नव्हतं. म्हणून मी कितवी, हे मले खरं तं माहीतच नाई.”

पहाटे मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेलो. तिच्या बापाचे घड्याळ माझ्या हातात होते. डोंगराची कड नुकती उजळू लागली होती. ती अंधारातून धावत गेली आणि काही वेळाने अंधारातूनच परत आली. मी वेळ सांगितली. मागल्या दिवसापेक्षा दोन सेकंद कमी. तिने ते वहीत लिहिले. तिथे शेजारी कुणी नव्हते. रांग कालच्या तिची आणि आजच्या तिची, दोघींचीच होती.

या दिवाळीला आमच्याही घरी मुले जमतील. ज्यांच्या घरी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी चालू आहे, त्यांना ही कोडी नवी नाहीत. त्या पालकांना माझे एवढेच सांगणे, की मुलाला सूत्र देण्याआधी मूठभर चिंचोके द्या. रेघ ओढायला शिकवा. स्वतःला दोनदा मोजू नये, खुर्ची आणि माणूस यांत गल्लत करू नये, रांगेबाहेरचे विसरू नयेत, हे दाण्यांवर दाखवा. आणि सगळी वाक्ये संपल्यावरही दोन रांगा उरल्या, तर ‘सांगता येत नाही’ असे त्याने म्हटल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारा.

पुतणीची पुढची परीक्षा अजून व्हायची आहे. ती उत्तीर्ण होईल का, हे निश्चित सांगता येत नाही. पण तो पर्याय समोर आला तर ती या वेळी कचरणार नाही, एवढे सांगता येते.

राहता राहिले माझे. माझा तो जुना सहकारी हयात आहे, पुण्यातच राहतो, आणि दर दिवाळीला हा अंक न चुकता विकत घेतो. फराळाची ताटे सरली, की तो पलंगावर पडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत अंक वाचतो, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तो इथवर आला असेल. भाऊ, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याकडे येतो आहे. यादी दुरुस्त होण्याची मुदत केव्हाच टळली. पण तुम्ही माझ्या हातच्या क्रमाने खाली गेलात, स्वतःच्या क्रमाने नव्हे, एवढे तुमच्यासमोर बसून सांगायचे राहिले आहे.